केसपेपरवरचं इंग्रजी

सिन्नरहून नाशिकला रुग्ण हलवायचा झाला की त्याच्यासोबत एक चिठ्ठी जाते. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. पुणे महामार्गाने १०८ ची रुग्णवाहिका तासाभरात जिल्हा रुग्णालयाच्या दाराशी पोचू शकते. चिठ्ठीवर आठ-दहा ओळी असतात: काय होतंय, कधीपासून होतंय, काय तपासलं, कोणतं औषध दिलं, पुढे का पाठवतोय. या ओळी इंग्रजीत असतात. लिहिणारा डॉक्टर मराठी, वाचणारा बहुतेक वेळा मराठी, आणि जिच्याविषयी लिहिलंय ती विडी वळणारी किंवा कांदालागवडीला जाणारी बाई तर मराठीच. तरी तिचं दुखणं तालुक्याहून जिल्ह्याला पोचतं ते इंग्रजीतून. वैद्यकीय विद्यार्थ्यांना इंग्रजी कसं शिकवावं, हा प्रश्न या चिठ्ठीपासून सोडवायला घ्यावा असं मला वाटतं.

एरवी तो दुसऱ्या टोकाने सुरू होतो. इंग्रजी सुधारायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फाडफाड बोलणं येतं. कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचा तास ठेवतात, बाहेरून कुणीतरी येऊन गटचर्चा घेतं, प्रत्येकाला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला लावतं, क्रियापदाचे बारा काळ फळ्यावर मांडतं. मुलं मन लावून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेल्यावर पुन्हा तिथेच अडखळतात. शिकवणाऱ्याची कळकळ कमी नसते. पण वॉर्डात जे करावं लागतं ते त्या तासात कुठे आलेलंच नसतं.

सिन्नर तालुक्यातल्या ठाणगाव, वावी, नायगाव, पांढुर्ली अशा गावांतून मेडिकलला लागणारं मूल कसं घडत आलेलं असतं ते पाहू. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यातही बहुधा सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीत. मग वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण पुढचं शिक्षण इंग्रजीत म्हणून बहुतेक मुलं इंग्रजीच पसंत करतात. या परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण आणि एकही वाक्य लिहायचं नसतं. चारांतला एक गोल काळा करायचा. बारावीच्या बोर्डापुरती उत्तरं सोडली तर ऐन तयारीची दोन-तीन वर्षं हे मूल इंग्रजी भरपूर वाचतं आणि लिहीत जवळजवळ काहीच नाही. इंग्रजीतून कुणाशी बोलायची वेळही आलेली नसते. ती पहिल्यांदा येते एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर, समोर बाहेरचे परीक्षक बसलेले असताना. आणि लिहायची वेळ येते ती एलएक्यू, म्हणजे दीर्घोत्तरी प्रश्न, पुढ्यात आल्यावर.

म्हणून ग्रामीण मुलांचं इंग्रजी कच्चं असतं, हे सरसकट विधान मला मान्य नाही. त्यांचं वाचन बऱ्यापैकी पक्कं असतं. ग्रेची अ‍ॅनाटॉमी जड वाटली तर ती बी. डी. चौरसियांचं पुस्तक घेतात, पण वाचलेलं त्यांना कळतं, आकृतीत दाखवता येतं, मराठीत समजावूनही सांगता येतं. अडतं ते दोन-तीन ठरावीक जागी: ऐकलेलं क्रमाने लिहून काढताना, लिहिलेलं उभं राहून मांडताना आणि दुसऱ्या डॉक्टरला कळवताना. जागा इतक्या नेमक्या ठाऊक असताना सगळी भाषा पहिल्यापासून शिकवायला निघणं म्हणजे मुलांचा आणि शिक्षकांचा दोघांचाही वेळ घालवणं.

या जागांकडे आपलं लक्ष का गेलं नाही, याचं कारण थोडं मागे जाऊन पाहिलं की सापडतं. महाराष्ट्रात वैद्यक कोणत्या भाषेत शिकवावं हा वाद दोनशे वर्षं जुना आहे. १८२६ साली मुंबईत सरकारी देशी वैद्यकशाळा निघाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकवायचं ठरलं होतं आणि त्यासाठी ग्रंथांची भाषांतरंही केली गेली. १८३२ मध्ये ती शाळा बंद पडली. कलकत्त्यातही तसंच झालं: १८२२ मध्ये सुरू झालेली देशी भाषांतली संस्था १८३५ मध्ये मोडून तिथे इंग्रजी मेडिकल कॉलेज उभं राहिलं. मुंबईत १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते इंग्रजीतूनच. १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढे १८६० च्या दशकात त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग निघाले, कारण गावोगावच्या दवाखान्यांना माणसं हवी होती आणि इंग्रजी शिकलेले तेवढे मिळत नव्हते. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. तिथे वैद्यकासकट सगळं उर्दूतून शिकवलं जाई, स्वतंत्र भाषांतर विभाग होता, आणि तरीही इंग्रजी हा विषय प्रत्येकाला सक्तीचा होता. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९४८ नंतर तिथलंही माध्यम इंग्रजी झालं. अलीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये, भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं निघाली. त्यांतल्या पारिभाषिक संज्ञा बव्हंशी इंग्रजीच आहेत, फक्त देवनागरीत लिहिलेल्या.

या साऱ्या खटपटीत भाषेचा प्रश्न माध्यमाच्या उंबरठ्यावरच थांबला. मराठी की इंग्रजी, एवढंच विचारलं गेलं. इंग्रजी ठरलं की ते वापरायला मुलं आपोआप शिकतील, असं गृहीत धरलं गेलं. उस्मानियाने इंग्रजी हा वेगळा विषय म्हणून शिकवायचं ठरवलं ते मला महत्त्वाचं वाटतं. माध्यम कुठलंही असो, भाषा शिकवावी लागते हे तिथे मान्य झालं होतं.

आता वॉर्डात जाऊ. खाली दिलेली आजी कल्पनेतली आहे, पण सिन्नरच्या दवाखान्यात कुठल्याही दिवशी भेटेल अशी. वय पासष्टच्या पुढे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, असं चाळीस वर्षं विड्या वळण्यात गेलेलं. विद्यार्थी खाटेशेजारी उभा राहून विचारतो, "आजी, काय त्रास होतोय?" आजी सांगते:

"दिवाळीपासून दम लागतोय रे बाळा. आधी चढ चढताना लागायचा. मग नळावरून हंडा आणताना लागायला लागला. आता भांडी घासतानाबी मधीच थांबावं लागतं. रात्री आडवं पडलं की जीव घाबरा होतो, दोन उशा घेतल्या तर बरं वाटतं. पायाला सूज येते संध्याकाळची, सकाळी उतरती. शेजारीण म्हणते दमा झालाय."

विद्यार्थी लिहितो: 'ब्रेथलेसनेस सिन्स थ्री मन्थ्स. स्वेलिंग ओव्हर बोथ लेग्ज. नोन केस ऑफ अस्थमा.'

या तीन ओळींतली व्याकरणाची चूक कुणीही दाखवेल: 'सिन्स' नको, 'फॉर' हवं. 'तीन महिन्यांपासून' हे आपल्या जिभेवरचं वाक्य 'सिन्स' होऊन बाहेर पडतं. पण त्या चुकीने आजीचं काहीही बिघडत नाही, वाचणाऱ्याला अर्थ कळतो. बिघडतं ते जे लिहिलंच गेलं नाही त्याने. आजीने आजाराची चढती पायरी सांगितली होती: आधी चढ, मग हंडा, मग भांडी. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये हृदयरुग्णांच्या चार श्रेणी ठरवल्या, त्या याच कसोटीवर: किती श्रमाने दम लागतो? भांड्यांपाशी थांबावं लागणारी आजी तिसऱ्या श्रेणीच्या आसपास येते. आडवं पडल्यावर वाढणारा आणि उशा वाढवल्यावर कमी होणारा दम हृदय थकत चालल्याची शंका घ्यायला लावतो. त्याला वैद्यकात ऑर्थोप्नीआ म्हणतात आणि उशा किती तेही लिहून ठेवतात. संध्याकाळी येणारी आणि सकाळी उतरणारी सूज त्याच दिशेला बोट दाखवते. कागदावर मात्र उरला अस्थमा, तोही शेजारणीच्या तोंडचा, आणि 'नोन केस' असं लिहिल्यामुळे जणू कुणा डॉक्टरने आधीच निदान केल्यासारखा.

दुबळ्या इंग्रजीचा खरा तोटा इथे होतो. उच्चार गावठी आहेत की नाहीत, आर्टिकल गळालं की राहिलं, यावर फारसं काही अवलंबून नाही. रुग्णाने मराठीत नीट दिलेली माहिती इंग्रजीच्या अरुंद दारातून आत येताना बाहेरच राहते. विद्यार्थ्याला आजीचं बोलणं पूर्ण कळलेलं होतं. ते क्रमाने मांडायची वाक्यं त्याच्यापाशी नव्हती, म्हणून जेवढे शब्द येत होते तेवढाच आजार त्याने लिहिला.

आणि ही वाक्यं फार नाहीत. सुरुवातीला असं होतं, हळूहळू वाढत गेलं, आता इतक्यावर आलंय. कशाने वाढतं, कशाने कमी होतं. सोबत हे आहे, ते नाही. इंग्रजीत यासाठी 'टू बिगिन विथ', 'ग्रॅज्युअली प्रोग्रेस्ड टू', 'नाउ ईव्हन ऑन', 'अ‍ॅग्रव्हेटेड बाय', 'रिलीव्ह्ड बाय', 'असोसिएटेड विथ', 'नो हिस्टरी ऑफ' अशा मोजक्या चौकटी पुरतात. हचिसनच्या 'क्लिनिकल मेथड्स'पासून, जे पुस्तक १८९७ पासून नव्या नव्या आवृत्त्यांत चालू आहे, पी. जे. मेहतांच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे या चौकटी दिसतात. विद्यार्थी त्या रोज वाचतो. पण समोरच्या माणसाचं मराठी कानावर पडत असताना त्या चौकटीत ते बसवायचा सराव त्याच्याकडून कुणी करून घेत नाही. असा सराव घ्यायला फारसं काही लागत नाही: दोन मिनिटांचं रुग्णाचं मराठी बोलणं, कोरा कागद आणि दहा मिनिटं. मग वर्गातल्या चार-पाच जणांचे कागद शेजारी ठेवून पाहायचं, आजीने सांगितलेलं काय काय उतरलं आणि काय सांडलं.

याच जागी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दुखण्याच्या बाबतीत रुग्णाचं मराठी हे केसपेपरवरच्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ बारीक असतं. पोटात कळ येते, मुरडा येतो, आग होते, पोट जड होतं. गळू ठणकतं, कमरेत चमक भरते. येऊन जाऊन असणारी कळ आणि सतत ठणकणारं दुखणं यांची कारणं वेगळी असतात. पोकळ अवयवात, म्हणजे आतड्यात, मूत्रनलिकेत किंवा पित्तमार्गात, काही अडकलं तर कळ येते. पू साठला की ठणका लागतो. इंग्रजीतही 'कॉलिकी', 'थ्रॉबिंग', 'बर्निंग', 'शूटिंग' असे शब्द आहेत. विद्यार्थी मात्र सगळ्यांसाठी 'पेन' लिहून मोकळा होतो.

चक्कर हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. रुग्ण 'चक्कर येते' म्हणतो आणि केसपेपरवर 'गिडीनेस' उतरतं. पण जरा थांबून विचारलं तर तोच माणूस सांगतो: 'सगळं गरगर फिरतं', किंवा 'उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते', किंवा 'चालताना तोल जातो'. गरगरणं बऱ्याचदा आतल्या कानाकडे नेतं. अंधारी रक्तदाबाकडे, रक्त कमी असण्याकडे किंवा हृदयाच्या ठोक्यांकडे. तोल जाणं लहान मेंदू आणि मज्जातंतूंकडे. तपासण्या वेगळ्या, कधी विभागही वेगळा. इंग्रजीत त्यांना अनुक्रमे 'व्हर्टिगो', 'प्रीसिन्कोपी' आणि 'इम्बॅलन्स' म्हणतात. ही तीन नावं पाठ करायला तीन मिनिटं पुरतात. 'चक्कर' ऐकल्यावर हात आपोआप 'गिडीनेस'कडे जाऊ न देता पुढचा प्रश्न मराठीत विचारायची सवय लागायला महिने लागतात. मला जो इंग्रजीचा तास हवा आहे त्यात या मराठी प्रश्नाला हक्काची जागा असेल.

प्रश्न विचारण्यातही खाचखळगे आहेत. 'तुम्हाला शुगरचा त्रास नाही ना?' असं विचारलं की मराठी माणूस 'हो' म्हणतो, म्हणजे 'बरोबर, नाही'. दुसरा एखादा 'हो' म्हणतो आणि त्याला शुगर असते. इंग्रजीत लिहिताना विद्यार्थ्याला 'येस' की 'नो' हे ठरवावंच लागतं आणि घाईत उलटं लिहिलं जातं. म्हणून नकारार्थी प्रश्न विचारायचाच नाही, 'शुगर आहे का?' एवढंच विचारायचं, ही शिस्त पहिल्याच महिन्यात लावायला हवी. नाशिक जिल्ह्यात तर भाषेचा आणखी एक थर आहे. बागलाण-मालेगावकडचा रुग्ण अहिराणी बोलतो, सुरगाणा-पेठकडचा कोकणा. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, तेव्हा शेजारी उभा असलेला विद्यार्थी केरळचा किंवा राजस्थानचा असू शकतो. त्याला मराठी शिकावं लागतं आणि सिन्नरच्या मुलाला इंग्रजी. दोघांची जोडी लावून एकाच रुग्णाचा इतिहास घ्यायला दिला तर एका तासात दोघंही शिकतील.

चुका सगळ्या सारख्या नसतात, हे भाषेच्या शिक्षकाने वैद्यकीय कॉलेजात पाय ठेवताना मान्य करायला हवं. शाळेत प्रत्येक चुकीखाली लाल रेघ येते. केसपेपरवर लाल रेघ नेमकी कुठे यावी? माझ्या मते ती पाच ठिकाणी यावी: उजवं-डावं, आकडे आणि मात्रा, काळाचा क्रम, असणं-नसणं, आणि कोण म्हणालं. बाकीच्या चुका जमतील तशा सुधारता येतात. आकड्यांत तर आवाजानेही घात होतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून मात्रा सांगताना 'वन फाइव्ह' आणि 'फाइव्ह झीरो' असं एकेक आकडा उच्चारून सांगायचं. 'हायपो' आणि 'हायपर' यांचं तसंच: साखर उतरलीय की चढलीय, या दोन टोकांमध्ये एका अक्षराचं अंतर आहे. लिहिताना १ मिलिग्रॅमला १.० लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की १० वाचलं जातं. म्हणून अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'हे वापरू नका' अशी यादीच काढली आणि दशांशापुढचं असं शून्य त्यात घातलं. संक्षेपांचं सांगायलाच नको. पीआयडी म्हणजे स्त्रीरोगात ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि अस्थिरोगात सरकलेली मणक्याची चकती. आपल्याकडे २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत आणि जेनेरिक नावाने लिहायला सांगितलं. त्यातला सुवाच्य अक्षराचा आग्रह याच धोक्यापायी.

शब्दसंपत्तीची भीती मात्र मुलांना उगाच घातली जाते. वैद्यकातले लांबलचक शब्द दिसतात तेवढे अवघड नसतात, कारण ते ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. शेवटी '-आयटिस' आलं की दाह किंवा शोथ, '-एक्टमी' आलं की काढून टाकणं, '-ऑस्टमी' आलं की तोंड करून ठेवणं. मराठी विश्वकोशात अपेंडिसायटिसला आंत्रपुच्छशोथ आणि नेफ्रायटिसला वृक्कशोथ म्हटलंय. तुकडा तोडून पाहिला की दोन्हीकडे घडण एकच. शाळेत समास सोडवलेल्या मुलाला हे तोडणं जमतं, फक्त कुणी दाखवून द्यावं लागतं. एक गोम आहे: इंग्रजीत अवयवाचं नाव एक आणि त्याचं विशेषण भलतंच, 'किडनी'चं 'रीनल', 'लिव्हर'चं 'हिपॅटिक', 'लंग'चं 'पल्मनरी'. पहिल्या वर्षीच्या मुलांना हे सांगितलेलं नसतं, म्हणून ती दोन वेगळे अवयव समजून बसतात. याहून जास्त अडवतात ते साधे दिसणारे शब्द: 'सजेस्टिव्ह ऑफ', 'कन्सिस्टंट विथ', 'रूल आउट', 'सबसाइड'. यांचा अर्थ कुठल्याच वैद्यकीय शब्दकोशात शोधावासा वाटत नाही, आणि निदानाचं सगळं वजन तर यांच्यावरच असतं. वांग, लिआंग आणि ग या चिनी संशोधकांनी २००८ मध्ये वैद्यकीय शोधनिबंध चाळून ६२३ शब्दकुलांची यादी केली, ती अशाच मधल्या शब्दांची.

हे शिकवायचं कुणी? इंग्रजीच्या प्राध्यापकाला ऑर्थोप्नीआ ठाऊक नसतो, आणि मेडिसिनच्या प्राध्यापकाला आपण वाक्य कसं रचतो हे सांगता येत नाही, कारण ते त्यांना सवयीने येतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-एव्हान्स यांनी १९८० च्या सुमारास यावर उपाय करून पाहिला. परदेशी विद्यार्थ्यांना विषय शिकवणारा आणि भाषा शिकवणारा, असे दोन्ही शिक्षक एकाच वर्गात उभे राहिले. विषयशिक्षकाचं व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचं, मग भाषाशिक्षकाने त्यातले अडलेले भाग विद्यार्थ्यांसोबत सोडवायचे आणि विषयशिक्षकाने समोर बसून अर्थ बरोबर लागतोय का ते पाहायचं. आपल्याकडे याला काही परक्या यंत्रणेची गरज नाही. आडगावला आणि इगतपुरी तालुक्यात धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सिन्नरला कला-वाणिज्य-विज्ञानाचं वरिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे इंग्रजी विभाग आहे. आठवड्यातून एक दुपार दोन्हीकडचा एकेक माणूस एकत्र बसला तरी सुरुवात होते. त्यातून इंग्रजीच्या प्राध्यापकालाही असं काही मिळेल जे कवितांच्या तासाला मिळत नाही: शिकवलेल्या वाक्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी होताना दिसेल.

वेळेचंही पाहायला हवं. २०१९ मध्ये एमबीबीएसचा नवा, क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात सुरुवातीला एक महिन्याचा पायाभूत वर्ग ठेवला गेला, १७५ तासांचा, आणि त्यातले ४० तास भाषा आणि संगणक यांना मिळून दिले. शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी एटकॉम नावाचा भाग पुढच्या वर्षांतही चालतो. भाषेला अभ्यासक्रमात नाव मिळालं, ही मी मोठी गोष्ट मानतो. पण पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याने रुग्ण पाहिलेला नसतो, त्यामुळे चाळीस तास नेमके कशाला लावायचे हे त्याला आणि शिक्षकाला दोघांनाही उमगत नव्हतं. भाषेचे तास पसरून दिले तर जास्त टिकतील. शब्दांचे तुकडे अ‍ॅनाटॉमीसोबत पहिल्या वर्षी, केस लिहिणं दुसऱ्या वर्षी वॉर्डाच्या पोस्टिंगला, केस मांडणं त्याच्या पुढच्या वर्षी, पत्र आणि फोन अंतिम वर्षी आणि इंटर्नशिपमध्ये.

पत्र लिहिण्यावरून आनंदीबाई जोशी आठवतात. पती गोपाळरावांनी त्यांना इंग्रजी शिकवलं, पुष्कळ सक्तीने शिकवलं. पण त्यांच्या इंग्रजीला बळ आलं त्यात न्यूजर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. पलीकडे खरी वाचणारी होती, तिला हिंदुस्थानातलं काही कळवायचं होतं आणि तिचं उत्तर येणार होतं. १८८३ मध्ये सेरामपूरला त्यांनी इंग्रजीत भाषण केलं, त्याच वर्षी अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यांचा प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता. म्हणजे इंग्रजीतून त्यांनी मांडलं ते इथलंच.

वाचणारा डोळ्यांपुढे असला की लिहिणं बदलतं, हे तत्त्व आज परीक्षेतही आलंय. परदेशी जाऊ इच्छिणारे डॉक्टर आणि परिचारिका ओईटी ही परीक्षा देतात. ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात तयार झाली. लेखनाच्या भागात रुग्णाची टिपणं देतात आणि ४५ मिनिटांत एक पत्र लिहायला लावतात, बहुधा रुग्णाला पुढे पाठवण्याचं, दोनशे शब्दांच्या आतबाहेर. ते सहा कसोट्यांवर तपासतात: उद्देश स्पष्ट आहे का, हवं ते आलंय का, नको ते गाळलंय का, सूर शोभतो का, मांडणी नीट आहे का आणि भाषा. व्याकरण फक्त शेवटच्या कसोटीत येतं. ही परीक्षा परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे, पण ती जे मोजते त्याची गरज सिन्नरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मेलबर्नच्या डॉक्टरइतकीच आहे.

फोनवरच्या निरोपासाठीही अशीच एक चौकट आहे, एसबीएआर. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयात आली: आत्ता काय झालंय, मागे काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. रात्री दोन वाजता नाशिकच्या निवासी डॉक्टरला फोन लावणाऱ्या इंटर्नला चौथा भाग सगळ्यात जड जातो. वरिष्ठांना 'तुम्ही असं करा' कसं म्हणायचं? त्यासाठीची नम्र वाक्यं आधी घोटून ठेवावी लागतात. ती मराठीत बोलली तरी चालतील. निरोप पोचला पाहिजे.

आणि इंग्रजीत गेलेलं सगळं शेवटी मराठीत परत यावं लागतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि घरी जाणाऱ्या आजीला ते वाचता येत नाही. आपले डॉक्टर यावर १-०-१ ची सुंदर युक्ती वापरतात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आकडा कळणाऱ्या कुणालाही ती उमगते. पण ती रोजच्या गोळीपुरती. संधिवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि ती रोज घेतली गेल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. 'वन्स वीकली' हे दोन शब्द विद्यार्थ्याला अचूक लिहिता आले म्हणून काम भागत नाही. 'आजी, ही गोळी फक्त दर रविवारी, सोमवारी-मंगळवारी अजिबात नाही. आता मला सांगा, कधी घ्यायची?' इथपर्यंत त्याला येता आलं पाहिजे, आणि आजीने परत सांगितल्याशिवाय त्याने तिथून हलायचं नाही.

हे सगळं परीक्षेत आल्याशिवाय वर्गात येणार नाही, हे आपल्या शिक्षणाचं वास्तव आहे आणि त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घेतलेला बरा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे, राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने घेतलेल्या केसवर एक पत्र लिहायला लावलं आणि त्यावर पाच-दहा गुण ठेवले, तर पुढच्या वर्षीपासून प्रत्येक कॉलेजात त्याचा सराव सुरू होईल. तोपर्यंत एखाद्या कॉलेजला आपल्यापुरतं सुरू करायचं असेल तर सामग्री हाताशीच आहे. मागच्या वर्षभरातल्या रेफर चिठ्ठ्या काढायच्या, नाव-गाव झाकायचं आणि त्या अंतिम वर्षाच्या मुलांपुढे ठेवायच्या: ही चिठ्ठी हातात घेऊन रुग्ण तुमच्या दारात आलाय, तुम्हाला आणखी काय विचारावं लागेल ते लिहा. त्या प्रश्नांची जी यादी होईल तोच पुढच्या तासांचा अभ्यासक्रम. नाशिकला चिठ्ठ्या वाचणाऱ्या दोन निवासी डॉक्टरांना महिन्यातून एकदा त्या वर्गात बोलवावं, कारण कुठल्या ओळीपाशी आपल्याला पुन्हा फोन करावा लागला ते त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही.